राजाची शेगडी आणि संदेष्ट्याचा शब्द

यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व ६०४ च्या सुमारास, ऐन हिवाळ्यात यरुशलेमच्या राजवाड्यात जो प्रकार घडला, तो यिर्मयाच्या ग्रंथाच्या ३६ व्या अध्यायात इतक्या बारकाईने नोंदलेला आहे की, दरबारातील कितीतरी कारभाऱ्यांची नावे, त्यांतल्या बहुतेकांच्या बापांची नावे आणि कोण कोणत्या खोलीत बसला होता हेसुद्धा त्यातून सुटलेले नाही. संदेष्टा यिर्मया याला मंदिरात जाण्यास मज्जाव होता. म्हणून त्याने आपल्या तेवीस वर्षांच्या संदेशाचे सार बारूख नावाच्या लेखनिकाला तोंडाने सांगून एका गुंडाळीवर उतरवून घेतले, आणि बारूखाने ते उपासाच्या दिवशी, मंदिराच्या वरच्या चौकातील गमऱ्या नावाच्या कारभाऱ्याच्या खोलीतून, जमलेल्या लोकांना वाचून दाखविले. दरबारी मंडळींनी त्याला बोलावून ते पुन्हा ऐकले, हे लिहिले कसे याची चौकशी केली, आणि यिर्मयाने सांगितले व आपण ते शाईने लिहिले, एवढेच सरळ, कारकुनाला शोभणारे उत्तर मिळाल्यावर त्या दोघांना लपून राहण्याचा सल्ला देऊन मगच त्यांनी राजाकडे वर्दी नेली.

राजा हिवाळी महालात शेगडीसमोर बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की लेखणी तासण्याच्या चाकूने तेवढा भाग कापावा आणि शेगडीत टाकावा, पुन्हा पुढचे ऐकावे, पुन्हा कापावे, असे करता करता त्याने सबंध गुंडाळी भस्म केली. संतापलेला मनुष्य कागद एकदम आगीत भिरकावतो. हा राजा ऐकतो, थांबतो आणि मोजून कापतो, आणि मला तरी त्याच्या क्रोधापेक्षा ही सावकाशीच अधिक भयंकर वाटते. जणू दाखल झालेला अर्ज कलमवार फेटाळून निकाली काढण्याचे काम त्याच्यापुढे होते, आणि न्यायासनावर आपणच बसलो आहोत याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही घटना तिच्या पूर्वपीठिकेवाचून पुरती समजत नाही. सुमारे अठरा वर्षांपूर्वी याच राजाचा पिता योशीया याच्यापुढे, मंदिराच्या डागडुजीच्या वेळी सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ वाचण्यात आला होता, आणि तो वाचणारा चिटणीस शाफान हा या गमऱ्याचाच बाप. त्या वेळी योशीयाने आपली वस्त्रे फाडली, आणि हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून देवाची इच्छा काय आहे ते विचारले. बापाने वस्त्रे फाडली, मुलाने गुंडाळी कापली. आणि ग्रंथकार मुद्दाम नमूद करतो की, या वेळी राजाने किंवा त्याच्या सेवकांनी वस्त्रे फाडली नाहीत. गमऱ्या आणि आणखी दोघे मात्र, गुंडाळी जाळू नये म्हणून राजाची विनवणी करीत राहिले. १९८२ साली यरुशलेमच्या जुन्या भागातील उत्खननात मातीच्या सुमारे पन्नास मुद्रा हाती आल्या, त्यांतील एकीवर शाफानपुत्र गमऱ्याचे नाव आहे. बाबेलच्या सैन्याने ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास नगर जाळले तेव्हा त्या मुद्रांनी बंद केलेले दप्तर राख झाले आणि माती तेवढी भाजून टिकली.

यहोयाकीमाला यिर्मयाचे शब्द इतके का झोंबावेत, याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. हा राजा लोकांना वेठीस धरून, मजुरी बुडवून, गंधसरूच्या तक्तपोशीचा आणि हिंगुळाने रंगविलेला प्रशस्त महाल बांधीत होता. आणि यिर्मयाने त्याला तोंडावर विचारले होते की, तुझ्या बापाने गोरगरिबांचा न्याय केला, देवाला ओळखणे म्हणजे याहून निराळे काय असते? संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती येथे लटकी पडते. बाबेलच्या स्वारीचे भाकीत हा यिर्मयाच्या वाणीचा परिणामभाग होय. तिचा गाभा बुडविलेल्या मजुरीचा हिशेब हा आहे.

न्याय आणि शुद्धी या दोहोंचा संबंध यिर्मयाने रुपे गाळण्याच्या धंद्यावरून सांगितला आहे. मुशीत अशुद्ध रुप्याबरोबर शिसे घालून खाली आच देतात आणि भात्याने वारा घालतात. त्या उष्णतेत शिसे जळून त्याचे मुरदाडशिंग बनते, ते हिणकस धातूंना आपल्याबरोबर घेऊन जाते, आणि मुशीत चोख रुपे उरते. देवाने यिर्मयाला आपल्या लोकांचा पारखी नेमले. परंतु त्याने दिलेला अहवाल निराशेचा आहे. भाता फुंकून झाला, शिसे जळून गेले, आणि हीण जागच्या जागी राहिले. भक्तिपर वाङ्मयात हा अहवाल फारसा आढळत नाही, कारण अग्नीत पडलेले सर्व काही उजळूनच निघते अशी आपली सोयीस्कर श्रद्धा असते. मलाखीच्या ग्रंथातला गाळणारा आशेने बसलेला आहे खरा. परंतु तो प्रथम लेव्याच्या वंशजांना, म्हणजे खुद्द पुरोहितवर्गालाच, मुशीत घालतो. आणि न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, हे पेत्राच्या पहिल्या पत्रातील विधान त्याच परंपरेतले आहे.

यिर्मया स्वतःही या मुशीतून सुटला नाही. आपल्या दुःखाने त्रासून, तू मला फसवा ठरशील काय असे तो देवाला म्हणू लागला, तेव्हा त्याला उत्तर मिळाले ते सांत्वनाचे नव्हते: हलक्यातून मोलाचे निवडून काढशील तरच तू माझे मुख होशील. बारूखालाही त्याच सुमारास सांगण्यात आले की, स्वतःसाठी मोठेपणा मागू नकोस, जीव वाचेल तेवढ्यावर समाधान मान. आणि हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने, दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल अशी गोड वाणी लोकांना ऐकविली, तेव्हा यिर्मयाचा पहिला उद्गार 'आमेन, तसेच होवो' या अर्थाचा होता. आपला शब्द खोटा ठरावा अशी इच्छा धरणारा हा न्यायाधीश आहे. हनन्यात आणि त्याच्यात खरा भेद मला येथे दिसतो.

जळालेल्या गुंडाळीचे पुढे काय झाले? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने कोरड्या परत केल्याची कथा ज्याच्या मनात मुरलेली आहे त्या मराठी वाचकाला येथे चमत्काराची अपेक्षा होईल, परंतु येथे पाने परत आली नाहीत. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि त्या लेखनात तशाच पुष्कळ शब्दांची भर पडली. राजाने ज्या शब्दाला अग्नी लावला तो वाढून बाहेर आला. राजाचा कस मात्र तेथेच लागून गेला.

पुढे येशूनेही मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलताना, मंदिर लुटारूंची गुहा झाले आहे या यिर्मयाच्याच आरोपाचा आधार घेतला, आणि लूकच्या वृत्तांतानुसार त्याच्या थोडे आधी तो नगराकडे पाहून रडला. योहानाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो की, आपण जगाचा न्याय करावयास आलो नाही, परंतु आपण बोललेला शब्दच शेवटल्या दिवशी न्याय करील. बोलणारा न्यायासनावरून उतरतो आणि शब्द तेथे राहतो. करिंथच्या मंडळीत संदेष्ट्यांची गर्दी झाली, तेव्हा पौलाने हाच विचार व्यवहारात आणला: दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी त्याची परीक्षा करावी, आणि बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झाले तर बोलणाऱ्याने गप्प व्हावे. दुसऱ्याचा कस लावण्याची ज्यांना हौस असते त्या उपदेशकांच्या व्यासपीठावरून या नियमाचे वाचन क्वचितच होते.