उत्तर आणि रीत

लहानपणी आमचे गणिताचे मास्तर रीत न लिहिता नुसते उत्तर लिहिणाऱ्याला शून्य देत. उत्तर बरोबर असले तरी शून्यच! हा अन्याय मला पुष्कळ वर्षे सलत होता. त्याचा उलगडा झाला तो २०२० च्या जूनमध्ये, वलवणच्या घराच्या ओसरीवर.

टाळेबंदीचे दिवस होते. धरणाकडे फिरायला येणारी मुंबईकर मंडळी नाहीशी झालेली. माझा पुतण्या पुण्यात डॉक्टर. रात्री त्याचा फोन येऊन गेला की मगच घरात निजानीज होई. मेच्या अखेरीस तो दबक्या आवाजात म्हणाला, "काका, ती मलेरियाची गोळी आम्ही कितीजणांना दिली! आता 'लॅन्सेट'मध्ये आलंय, तिनं माणसं जास्त दगावतात म्हणून."

तो लेख २२ मेचा. ६७१ रुग्णालये, ९६ हजार रुग्ण! जागतिक आरोग्य संघटनेने तीनच दिवसांत त्या गोळीची आपली चाचणी थांबवली. पण आकडे पुरवणारी कंपनी मूळ नोंदी तपासायला देईना; तेव्हा चारांपैकी तीन लेखकांनी ४ जूनला लेख मागे घेतला. गंमत पुढेच आहे. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमधील मोठ्या चाचणीच्या डॉक्टरांनी जाहीर केले की, रुग्णालयातल्या रोग्यांना या गोळीचा उपयोग होत नाही.

"म्हणजे लेख निम्मा तरी खराच होता की! मग मागे का घेतला?" पुतण्याने विचारले.

मी त्याला सिमाँची गोष्ट सांगितली. मुंबईच्या प्लेगात आलेला हा फ्रेंच डॉक्टर. १८९८ साली कराचीत त्याने बरणीत एक प्लेगचा उंदीर ठेवला आणि वर जाळीत एक धडधाकट. दोघांचा स्पर्श नाही. पिसवांना मात्र मोकळी वाट. वरचा उंदीर प्लेगने मेला. लेख त्याच वर्षी छापला गेला, पण तज्ज्ञांनी नाके मुरडली. पुढे १९०६ च्या सुमारास परळच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तीच गोष्ट पुन्हा सिद्ध केली, तोवर हिंदुस्थानात लाखो माणसे गेली होती. सिमाँवर कोणी विश्वास ठेवला नाही, पण बरणी घेऊन कोणालाही त्याची परीक्षा घेता येत होती. 'लॅन्सेट'मधल्या लेखावर साऱ्यांनी विश्वास ठेवला, आणि परीक्षा घेण्याची सोयच नव्हती!

दोष घाईचा, असेही मला म्हणवत नाही. त्याच ब्रिटिश चाचणीने १६ जूनला, लेख छापून येण्याची वाट न पाहता, डेक्सामेथासोनचा गुण जगाला सांगून टाकला. जुने, स्वस्त औषध. कृत्रिम श्वासावरच्या रोग्यांतले मृत्यू त्याने एक-तृतीयांशाने घटले. ते रीतसर छापखान्याच्या रांगेत उभे राहिले असते तर?

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, कुणाला किती गोळ्या दिल्या, पुढे काय झालं, ते सगळं मी वहीत लिहून ठेवलंय. फाडून टाकावीशी वाटते ती वही."

"फाडू नकोस," मी म्हटले. "कोणी मागितली तर दाखव."