अधिकार, सामर्थ्य आणि चालकाची नोकरी

वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्यालय हुबळीत आहे. त्यामुळे सेवेत असताना पाय गमावलेल्या तेथील एखाद्या चालकाला घरी बसवले गेले, तर तो कर्नाटक उच्च न्यायालयाच्या, 2013 साली कायम झालेल्या धारवाड खंडपीठाकडे दाद मागू शकतो, आणि तेव्हा न्यायालयापुढे येणारा प्रश्न कायद्याइतकाच पूर्वमीमांसेचाही, म्हणजे वेदातील कर्मविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राचाही, असतो. या शास्त्राच्या जैमिनीकृत सूत्रांचा सहावा अध्याय ‘अधिकारा’चा, म्हणजे कर्म करण्याच्या आणि त्याचे फळ भोगण्याच्या पात्रतेचा, विचार करतो. यज्ञात तुपाकडे पाहण्याचा विधी असेल तर अंधाने काय करावे, विष्णुक्रम या विधीतील पावले पंगूने कशी टाकावीत, असे हे प्रश्न आहेत. ज्याचे वैगुण्य दूर होण्याजोगे आहे त्याला अधिकार आहे, ज्याचे कायमचे आहे त्याला नाही, असा तेथील निर्णय आहे. मात्र त्याच अध्यायात पुढे, नित्यकर्मात, म्हणजे फलेच्छेविना आयुष्यभर करावयाच्या कर्मात, गौण अंगे शक्तीअभावी सुटली तरी चालते, असेही मान्य केले आहे.

मुख्य आणि गौण यांची हीच फोड आजचे न्यायालय करते. अपंगांच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्याने मालकावर ‘वाजवी सोयी’चे, म्हणजे अवाजवी भार न पडता कामात करता येण्याजोग्या बदलांचे, दायित्व टाकले असून ती नाकारणे हाच भेदभाव ठरवला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विकास कुमार प्रकरणात ही सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवावी असे सांगितले. भेद एवढाच, पण मोठा, की मीमांसकाला वेदविहित कर्म बदलता येत नव्हते, तर कामाची वाटणी माणसानेच केलेली असते.

गाडी हाकणे हे मात्र चालकाचे मुख्य कर्मच आहे, ते वगळून चालकपण उरत नाही. येथे अपंगांविषयीच्याच आधीच्या, 1995 च्या कायद्याचे कलम 47, आणि आता 2016 च्या कायद्याचे कलम 20, कामी येते: सेवेत अपंगत्व आलेल्यास काढू नये, त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपलीकडे निर्माण केलेल्या जागेवर, ठेवावे. कुणाल सिंग प्रकरणात 2003 साली पाय कापावा लागलेल्या शिपायाच्या बाबतीत हे बंधनकारक ठरले. अधिसंख्य पद मात्र याज्ञवल्क्यस्मृतीतील दायभागाची, म्हणजे वारसाच्या वाटणीच्या नियमांची, आठवण करून देते, ज्यात अंध-पंगूंना वाटा नाही, भरणपोषण तेवढे आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा टीका जेथे प्रमाण मानली जाई त्या प्रदेशात ही बंदी बहुतांशी 1928 च्या कायद्याने उठली. वेतन चालू राहिले तरी काम काढून घेतले गेले, तर ही जुनी रचना नव्या नावाने परतते. म्हणून अशा निकालात पाहण्याजोगी गोष्ट ही, की महामंडळाने कोणकोणती पदे धुंडाळली याचा हिशेब न्यायालयाने आधी मागितला की नाही. तेलंगणातील रंगांधळ्या बसचालकाच्या प्रकरणात 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने असा शोध घेण्याची जबाबदारी चालकावर नव्हे, महामंडळावरच ठेवली.