दरिद्री आणि कृपण

इंग्रजी ग्रंथांत 'पेन्यूरियस' हा शब्द क्वचितच भेटतो, आणि भेटला म्हणजे वाचकास कोड्यात टाकतो. कारण या एकाच शब्दाने अत्यंत दरिद्री मनुष्याचाही बोध होतो आणि अत्यंत कंजूष मनुष्याचाही. त्याचे मूळ लॅटिन 'पेनुरिया', म्हणजे उणीव किंवा टंचाई. ज्याच्याजवळ द्यावयास काही नाही तो आणि ज्याला असूनही देववत नाही तो, या दोघांस भाषेने एकाच पंक्तीस का बसवावे?

हा इंग्रजीचा गबाळेपणा म्हणावा, तर आपल्या घरचा 'कृपण' शब्दही तसाच आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दीन, कीव करण्याजोगा. आणि चिक्कू असाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य गार्गीस सांगतात की, अक्षर तत्त्व न जाणता जो या लोकातून जातो तो कृपण होय. तेथे पैशाचा प्रश्नच नाही. असलेल्या धनाचा उपभोग ज्यास घडत नाही तो दीनच, हा विचार दोन्ही भाषांतील शब्दांमागे दिसतो.

या संबंधात जॉन एल्वेझ (१७१४–१७८९) या इंग्रज धनिकाचे चरित्र पाहण्याजोगे आहे. हा बारा वर्षे पार्लमेंटचा सभासद होता. मेणबत्ती जळू नये म्हणून तो अंधार पडताच निजे, आणि गाडीभाडे वाचविण्यासाठी पावसात भिजत घरी जाई. मरतेसमयी त्याची संपत्ती लक्षावधी पौंडांची होती. परंतु हाच गृहस्थ परिचितांस मोठमोठ्या रकमा उसन्या देई, आणि सभ्य माणसाकडे पैसे परत मागणे त्यास अप्रशस्त वाटे. जगाशी तो उदार होता. दारिद्र्य भोगले ते त्याने स्वतःच्याच घरी.

येथवर शब्दाचा निवाडा योग्य वाटतो. पण तोच उलट दिशेने चालू लागला की अन्याय होतो. महिनाअखेर तेलाचा थेंब न् थेंब मोजणारी गृहिणी पाहुण्यास दुसऱ्यांदा तूप वाढीत नाही, आणि आपण सहज म्हणून जातो, 'बाई चिक्कू आहे!' परिस्थितीची उणीव आपण स्वभावाच्या खात्यावर मांडतो. काटकसर व कृपणता यांचे बाह्य रूप पुष्कळदा सारखेच असते. भेद असतो तो अंतरंगात. देता आले नाही याची खंत मागे राहते, की वाचले याचे समाधान?

ही खूण ज्याची त्यालाच कळते. दुसऱ्याच्या मनात डोकावून ती पाहण्याचे साधन आपणांजवळ नाही. म्हणून हा शब्द स्वतःला लावून पाहण्यास प्रत्येकाने संकोचू नये. दुसऱ्यास लावताना मात्र अवश्य हात आखडता घ्यावा. तेवढ्यापुरता कंजूषपणा कोणासही शोभून दिसेल.