कार्तिकातील वारे व पौलाची सूचना

(मूळ वचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७)



हलके धान घरी आले, मध्यम धानाच्या कडपा बांधीत पसरल्या आहेत आणि जड धान अजून उभे आहे, अशा वेळी आपल्या भंडारा जिल्ह्यात एखादा आठवडा असा येतो की त्याचा भरवसा कोणी देऊ नये. सोमवारी उत्तरेचा कोरडा गार वारा, बुधवारी आभाळ भरून रात्र उबदार, शुक्रवारी पूर्वेची ओल, आणि रविवारी पावसाची भीती. वर्षाची मेहनत तेव्हा उघड्यावर निजलेली असते. अशा आठवड्यात आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतात, देव राखणारा आहे, हवामानाचे पत्रक कशास पाहावे? दुसरे त्या पत्रकासच भविष्यवाणी मानतात, आणि ते एकदा चुकले की पुन्हा त्याचे तोंड पाहत नाहीत. ह्या दोघांशीही आम्हांस आज बोलावयाचे आहे.

पौल बंदिवान होऊन रोमेकडे निघाला तेव्हाचा ऋतू हाच होता. लूक सांगतो की उपासाचा दिवस होऊन गेला होता. तो यहूद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपल्या आश्विनाच्या सुमारास येतो, आणि त्यानंतर भूमध्य समुद्रावरील प्रवास धोक्याचा समजत. गलबतात गहू भरलेला होता, हेही लक्षात असू द्या. धान्य घेऊन चाललेल्या माणसांची ही गोष्ट आहे. पौलाने सांगितले की पुढे गेल्यास हानी होईल. शताधिपतीने तांडेलाचे व मालकाचे ऐकले. मग दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सर्वांस वाटले की आपले काम साधले. थोड्याच वेळात ईशान्येचे तुफान त्यांच्यावर कोसळले. मंद वाऱ्यास भुलणारे लोक लाखांदूर-पवनीकडेही पुष्कळ आहेत. सकाळी ऊन पडले की ताडपत्री गुंडाळून ठेवतात.

आता नीट पाहा. पौलाची ही पहिली सूचना देवदूताने आणून दिली असे लूक म्हणत नाही. देवदूत पुढे, तुफानात आला. पहिली सूचना ऋतूच्या ओळखीची व अनुभवाची होती. ह्यापूर्वी तीन वेळा त्याचे तारू फुटले होते, असे तो करिंथकरांस लिहितो. आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. त्याने माल, तारू आणि जीव ह्या तिहींच्या नाशाचे भय सांगितले होते. माल गेला, तारू फुटले; परंतु २७६ माणसांपैकी एकही मेला नाही. म्हणून काय पौल खोटा ठरला? सूचना खरी होती, तिचा सर्व भाग घडला नाही, इतकेच. जो मनुष्य पत्रकातील एका चुकलेल्या पावसावरून पत्रकच टाकून देतो, त्याने ह्याचा विचार करावा.

पत्रकातील शब्दही समजून घ्यावेत. पुष्कळ राग अज्ञानातून येतो. "तुरळक ठिकाणी पाऊस" ह्याचा अर्थ हवामान खात्याच्या हिशेबी असा, की त्या विभागातील जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस पडेल. म्हणजे मोहाडीस पडला आणि लाखनीस थेंबही नाही, तरी पत्रक खरेच. "काही ठिकाणी" म्हणजे अर्ध्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. पिवळा रंग सावध राहावयास सांगतो, नारिंगी तयारीस, आणि लाल म्हणजे ताबडतोब हालचाल. हे खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यामागे १८६४ चे कलकत्त्याचे भयंकर चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ होते. मेलेल्यांच्या दुःखातून निघालेली ही विद्या आहे, तिला थट्टेचा विषय करू नये.

आपला आठवडा इतका चंचल का, हेही ह्या विद्येने उलगडले आहे. ऑक्टोबरात पावसाळा विदर्भातून माघार घेतो, पण बंगालचा उपसागर तेव्हा उबदारच असतो. तेथे उठलेले वादळ आंध्र वा ओरिसाच्या किनाऱ्यास लागून विरते, आणि त्याचा उरलेला ओलावा आपल्याकडे येतो. ५ डिसेंबर २०२३ रोजी मिचौंग वादळ बापटल्याजवळ किनाऱ्यास लागले, येथून सुमारे सहाशे किलोमीटर दूर. तरी त्याचा पाऊस पूर्व विदर्भात उतरला. २८ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मोंथा वादळही आंध्रच्याच किनाऱ्यावर चढले. दुसरीकडून पश्चिमी विक्षोभ येतात. त्यांतील कित्येकांचा उगम भूमध्य समुद्राकडे, म्हणजे पौलाचे गलबत जेथे हेलकावत होते त्याच बाजूस आहे. हे दोन्ही मध्य भारतावर भेटले की अवकाळी पाऊस, क्वचित गाराही. आपल्या वडिलांची ओळखही सर्वस्वी फोल नव्हती. चंद्राला खळे पडले की पाऊस म्हणत. ते खळे अतिउंचावरील हिमकणांच्या पातळ ढगांनी पडते, आणि असे ढग पुष्कळदा वादळाच्या पुढे चालतात. प्रभूनेही आभाळ ओळखणाऱ्या लोकांस त्या ओळखीबद्दल दोष दिला नाही, दुसरे काही ओळखत नाहीत म्हणून दिला.

आता मुख्य अडचण. शुक्रवारी पत्रक आले, रविवारी दुपारनंतर पाऊस सांगितला, आणि कडपा बांधीत आहेत. प्रभुवारी त्या उचलाव्यात काय? निर्गम ३४:२१ मध्ये नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतही विसावा पाळण्याची आज्ञा आहे, ती आम्ही झाकून ठेवीत नाही. लूक १४:५ मध्ये विहिरीत पडलेल्या बैलास शब्बाथ दिवशी बाहेर काढण्याची गोष्ट आहे, तीही झाकीत नाही. आमचे मत असे : कापून पडलेले धान भिजून कोंब फुटण्याआधी उचलणे, पुंजणे रचून झाकणे, हे विहिरीतून बैल काढणे होय. उभे धान त्या दिवशी मजूर मिळतात म्हणून कापावयास लागणे, हे नव्हे. आणि मजुरास घरी विसावा हवा असेल तर त्यास ओढून नेऊ नये. धान तुमचे, विसावा त्याचाही आहे. उपासना मात्र सोडू नये. ती सकाळी सहाला घ्यावी, थोडक्यात घ्यावी. लांब उपदेश करण्याचा तो दिवस नव्हे, हे पाळकांनीही ध्यानात ठेवावे.

भिजलेल्या धानाचे दुःख विक्रीच्या वेळी पुन्हा येते. सरकारी खरेदीस १७ टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही. घाईने मळून ओलेच पोत्यांत भरले, तर केंद्रावरून परत आणावे लागते. वीज कडाडू लागली तर मात्र कडपा तशाच सोडून पक्क्या घरात जावे, मोहाच्या झाडाखाली उभे राहू नये. पौलाच्या सोबत्यांनीही शेवटी गहू समुद्रात टाकला आणि जीव राखले.

देवदूताने वाचविण्याचे वचन दिल्यावरही पौल शिपायांस म्हणाला की खलाशी गलबतात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. वचनावर विसंबलेला मनुष्य खलाश्यांवरही नजर ठेवीत होता. तेव्हा उपदेशक बंधूंनो, कृषि हवामानाचे पत्रक मंगळवारी व शुक्रवारी निघते. शुक्रवारचे पत्रक संध्याकाळच्या प्रार्थनेस मोठ्याने वाचा. ज्यांस वाचता येत नाही, ज्यांच्याजवळ मोबाईल नाही, त्यांस दुसरा मार्ग नाही. वाचून झाल्यावर, ज्या विधवा बहिणीच्या घरी कामाचा हात नाही तिच्या कडपा शनिवारी कोण उचलणार, हे त्याच बैठकीत नावनिशी ठरवा. आणि गावात मोठी ताडपत्री एकच असेल, तर ती प्रथम कोणाच्या पुंजण्यावर जाईल, तेही.