दुर्लक्ष कोणी करायचं?

शाळकरी मुलाला कोणी मोबाइलवरून छळलं तर घर जागं होतं. वर्गशिक्षिकेची भेट घेतली जाते, मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते, समुपदेशक शोधले जातात. तेच पंचेचाळिशीच्या माणसाच्या वाट्याला आलं की त्याला एकच सल्ला मिळतो: दुर्लक्ष करा. देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. पण वयाबरोबर कातडी जाड होते आणि पडद्यावरच्या चार ओळी तिला टोचत नाहीत, असं त्यात धरून चाललेलं असतं. ते खरं आहे का?

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने आपली एक हकीकत सांगितली आहे. कुत्र्याला घेऊन ते बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती. तबकडी यांच्यापाशी आली, यांनी ती परत फेकली. त्या दोघांनी यांनाही खेळात घेतलं आणि थोड्या वेळाने, काही न बोलता, यांच्याकडे टाकणं बंद केलं. घडलं ते एवढंच, तरी ते त्यांना फार लागलं. त्यातून पुढे संगणकावरचा चेंडूफेकीचा साधा खेळ तयार झाला: पडद्यावर तुम्ही आणि आणखी दोघं, आणि काही वेळाने ती दोघं चेंडू फक्त एकमेकांकडे टाकू लागतात. २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं होतं. डावलले गेल्यावर त्यांच्या मेंदूत जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेशीही निगडित आहे. पुढच्या वर्षीच्या एका प्रयोगात तर, समोर माणसं नाहीत, संगणकच चेंडू टाकतोय, असं काही जणांना आधीच सांगून ठेवलं होतं. तरी त्यांना वाईट वाटलंच. आणि हे खेळणारे शाळकरी नव्हते.

यंत्राने डावललं तर एवढं लागतं. आता ओळखीची माणसं घ्या. समजा, डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या खजिनदार बाईंनी रंगकामाचं बिल तपासल्याशिवाय चेकवर सही करणार नाही असं सांगितलं. त्या रात्री ग्रुपवर कोणीतरी टाकतं, ‘तुमच्या घराचं प्लॅस्टर कोणाच्या पैशाने झालं ते आधी सांगा.’ खाली तीन हसरे चेहरे. मग त्यांच्या घटस्फोटावर बेतलेला एक विनोद. मग विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचतानाच्या त्यांच्याच फोटोचा स्टिकर. शंभर-सव्वाशे माणसं वाचतात. कोणी काही लिहीत नाही.

शिवी कोणी दिलेली नाही. पोलिसांपुढे ठेवावं असं एकही वाक्य त्यात नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लिफ्टचं दार उघडताना आत कोण असेल याची बाईंना धास्ती वाटू लागते. वॉचमननेही तो स्टिकर पाहिला असेल का? कणीक मळताना मनात उत्तरं जुळत राहतात, पाठवलं मात्र एकही जात नाही. रात्री दोनला जाग येते, हात फोनकडे जातो, नवीन काही नसलं तरी जुनंच पुन्हा वाचलं जातं. ऑफिसात एकच बेरीज तीनदा करावी लागते. डॉक्टरकडे त्या जातात ते ॲसिडिटीची तक्रार घेऊन. ग्रुपवर मला हसतात म्हणून झोप लागत नाही, हे या वयात सांगायचं कसं? पोराच्या हातून मोबाइल काढून घेता येतो. यांचा कोण काढून घेणार? बँकेचा ओटीपी, ऑफिसचा ग्रुप, मुलीच्या क्लासचं वेळापत्रक सगळं त्यातच. घर बदलायचं म्हटलं तर गृहकर्ज आडवं येतं.

आणि माझ्या मते सर्वांत खोल घाव त्या स्टिकरचा नसतोच. तो घालतात रात्री साडेअकराला येणारे खासगी मेसेज. ‘ताई, आम्ही तुमच्याच बाजूने आहोत हं. ग्रुपवर बोलत नाही, उगाच वाद नको.’ असे पाच-सहा येतात. म्हणजे लोकांना कळतंय, पटतंय, तरी उघडपणे कोणी येणार नाही. टवाळखोर चार असतात हे बाईंना आधीपासून ठाऊक होतं. बाकीच्या शंभरांबद्दल त्यांचा जो समज होता, तो त्या रात्री मोडतो. पुढच्या गणपतीत त्यांनी आरतीचं ताट हातात घेतलं नाही तर ‘हल्ली फार माणूसघाण्या झाल्यात’ असं म्हणायला हीच मंडळी मोकळी.

एकट्या माणसाला सगळ्यांनी मिळून टाकणं आपल्याला नवीन नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं आणि मुरुडला त्यांच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याचा त्रास त्यांच्या घरच्यांनीही सोसला. पण त्या बहिष्काराला गावाची वेस होती. पुण्यात फर्ग्युसनचा वर्ग होता, बरोबर उभे राहणारे स्नेही होते. आज ती वेस उरलेली नाही. छळणारा खिशातून घरात, ऑफिसात, गावच्या जत्रेतही बरोबर येतो.

महाराष्ट्राने या दुखण्याची दखल कायद्यात घेतली आहे, हे आपण विसरतो. जातपंचायतींचा जाच पाहून २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंगाला बोट न लावता माणसाला उद्ध्वस्त करता येतं, हे ज्या राज्याने मान्य केलं, तिथेच ‘व्हॉट्सॲपवरचं काय एवढं मनावर घेता’ हेही सर्रास ऐकू येतं.

कायद्याची मापं अशा छळाला अपुरी पडतात, ते जपानमध्ये दिसलं. हाना किमुरा ही बावीस वर्षांची कुस्तीगीर टीव्हीवरच्या एका रिॲलिटी शोमध्ये होती. कुस्तीचा पोशाख धुण्यात आटवल्याबद्दल ती सहकाऱ्यावर चिडली, ते प्रसारित झालं आणि तिच्यावर द्वेषाचा मारा सुरू झाला. मे २०२० मध्ये तिने जीवन संपवलं. पुढे ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांतल्या एकाला दंड झाला नऊ हजार येन. तेव्हाच्या कायद्यात दंडाची मर्यादाच दहा हजार येनच्या आत होती. हानाच्या आईने आवाज उठवला आणि २०२२ मध्ये शिक्षा वाढली. तरी पेच उरतोच. न्यायालय एकेकाची ओळ तोलतं, सोसणाऱ्यावर मात्र सगळ्या ओळी एकदम पडतात.

आणि कायदा सैल लिहिला तर तो भलत्यांवरच चालतो, हेही आपण पाहिलं आहे. २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं ते योग्यच झालं. नगरसेवकाला तुंबलेल्या गटाराबद्दल रोज जाब विचारणं हा छळ नव्हे, त्याला तो तसा वाटला तरी. खजिनदार बाईंनाही हिशेब विचारावा, खुशाल विचारावा. घटस्फोट कशाला?

मदत मागणाऱ्यापुढे आणखी एक विचित्र अडचण असते. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मन मोकळं करता येतं, औषधाने झोपही लागू शकते. घरचे सांगतात, ते सगळं डिलीट कर, पुन्हा बघूच नकोस. पण तक्रार करायची तर पुरावा लागतो: तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचा नंबर, एकही मेसेज न पुसलेला. ज्याच्यापासून पळायचं तेच जपून ठेवायचं. हे काम त्या माणसाने स्वतः करू नये. बहिणीने, मित्राने, ग्रुपमधल्याच एखाद्या शेजाऱ्याने ते आपल्या फोनवर घ्यावं. रात्री साडेअकराला मेसेज पाठवणाऱ्यांना ग्रुपवर तोंड उघडणं जमत नसेल, तर निदान एवढं जमण्यासारखं आहे.