'निग्र' शिमोनाचे दान



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोसळली. ज्यांनी आपल्या मराठवाड्याला कधी पाहिले नव्हते, अशांनीही तेव्हा मदत पाठविली.

१२ जानेवारी २०१० रोजी कृष्णवर्णीयांच्या हैती देशात भूकंप झाला. राजधानीतले कॅथेड्रल ढासळले, आर्चबिशप जोसेफ सर्ज मिओ मृत्युमुखी पडले. जगभरच्या धर्मग्रामांतून त्या लोकांसाठी दान गोळा झाले.

परंतु देणारा मोठा आणि घेणारा लहान, असे आपण मानतो का? 'प्रेषितांची कृत्ये' उघडा. दुष्काळ येणार हे कळताच अंत्युखियाच्या मंडळीने यहूदीयातील बांधवांसाठी ऐपतीप्रमाणे मदत पाठविली (अध्याय ११). त्याच मंडळीच्या शिक्षकांत शिमोन होता. त्याला 'निग्र', म्हणजे काळा, म्हणत (अध्याय १३). त्या दानात त्याचाही हात असेल!

क्रांती चौकात कुणी मदतीचा डबा पुढे केला, तर आपण नोट टाकतो. मात्र आपल्या शहरात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला पाहून हसतो, त्याला खोली भाड्याने द्यायला कचरतो. पैसा दिला आणि भाऊ नाकारला, तर वेदीवर आपण काय अर्पण केले?

संत पौलाने करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला ठेवण्यास सांगितले. तसा एक डबा आपद्ग्रस्तांसाठी घरी ठेवू या. आणि आज मिस्सेनंतर अनोळखी भावाला आधी आपण नमस्कार करू या.

प्रभू आपणांस उदार अंतःकरण देवो. आमेन.