सख्ख्या इमारती

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका बाजारगावात दोन भाऊ राहत. थोरल्याला सगळे अण्णा म्हणत, धाकट्याला बापू. अण्णांचं खत-बियाण्यांचं दुकान, बापूंचा भुसार माल. दोघांनी एका शेतकऱ्याकडून लगतचे दोन-दोन गुंठे घेतले आणि एकाच वर्षी, एकाच मिस्त्रीकडून, एकाच मापाच्या दोन इमारती उठवल्या. खाली रस्त्याकडे दुकानगाळे, मागे गाड्या लावायला मोकळी जागा, वर दोन मजले. पोरं लग्नाला आली तेव्हा दोघांनीही आणखी एकेक मजला चढवला. वाळूचा ट्रक आला की निम्मा इकडे, निम्मा तिकडे रिकामा व्हायचा. सळईचं बिलसुद्धा एकच. नकाशा कुणी काढला नाही. मिस्त्रीनं फक्कीनं जमिनीवर रेघा मारल्या, तोच नकाशा. म्हातारी आई दोघांनी महिना-महिना वाटून घेतली होती.

या खोऱ्यात जमीन हलणं नवं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पाच मॅग्निट्यूडच्या वरचे वीसहून अधिक धक्के इथं नोंदले गेलेत. बारीकसारीक धक्क्यांची तर लोकांना सवयच झाली. फळीवरची भांडी वाजली की ‘झाला वाटतं’ म्हणायचं आणि पुन्हा हातातल्या कामाला लागायचं.

दोन्ही भावांच्या इमारती गुंठेवारीतल्या, म्हणजे सरकारदरबारी अनधिकृत. गुंठेवारीचा कायदा 2001 सालचा. त्यात त्या वर्षीच्या 1 जानेवारीपर्यंतची बांधकामंच नियमित होत. 2021 मध्ये सरकारनं ही मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आणली आणि भावांना वाट मोकळी झाली. गावच्या कचेरीनं अर्जाबरोबर खरेदीखत, मोजणीचा नकाशा, दंडाची आणि विकास शुल्काची पावती मागितली. शिवाय एक कागद होता स्ट्रक्चरल इंजिनिअरचा: इमारत मजबूत असल्याचा दाखला.

अण्णांनी एजंट गाठला. तो म्हणाला, “समोरून एक, मागून एक, असे दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.” आठवड्याच्या आत दाखला हातात आला. कुठल्याशा लांबच्या शहरातल्या इंजिनिअरची सही, गोल शिक्का, आणि मजकूर असा की सदर इमारतीची पाहणी केली असता ती वास्तव्यास योग्य आढळली. पुढची कामं झरझर झाली. नियमित झाल्याचा आदेश अण्णांनी चौकटीत बसवून गल्ल्याच्या मागे टांगला.

बापूही त्याच एजंटाकडे जायचे, पण पैशांवरून अडलं. त्यानं सांगितलेली रक्कम आणि कऱ्हाडच्या एका इंजिनिअर बाईंची फी यांत फारसा फरक नव्हता. बापू भुसारवाले, पोत्यात सळई खुपसून आतले दाणे तळहातावर घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात माल उचलला नव्हता. ते म्हणाले, “तेवढ्याच पैशात कुणी येऊन बघणार असेल, तर बघू दे की.”

इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी पहिल्यांदा नकाशा मागितला. बापूंनी मिस्त्रीला बोलावून पुढे उभं केलं.

मॅडमनी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक कॉलमचं आणि बीमचं माप घेतलं. रिबाउंड हॅमरनं काँक्रीट ठोकून पाहिलं, आतल्या सळया हुडकणारं यंत्र कॉलमवरून फिरवलं. तीन ठिकाणी काँक्रीटचे गोल तुकडे कापून ते प्रयोगशाळेत पाठवले. मग मागच्या एका कॉलमचं बुडाशी प्लास्टर काढायला लावलं आणि सळई उघडी पडेपर्यंत काँक्रीट फोडायला सांगितलं.

“या रिंगा किती अंतरावर बांधल्यात?” त्यांनी विचारलं.

“आठ-नऊ इंचावर,” मिस्त्री म्हणाला.

“कॉलम बीमला भिडतो तिथं वर आणि खाली चार इंचांच्या आत हव्यात. आणि त्यांची टोकं काटकोनात वाकवून सोडलीत. हादऱ्यानं वरचं काँक्रीट उडालं की ही टोकं उघडतात, आणि मग उभ्या सळयांना धरायला कुणी उरत नाही. टोक आणखी वळवून काँक्रीटच्या पोटात घालायचं असतं.”

“मॅडम, आमी सगळीकडं अशाच वाकवतो,” मिस्त्री ओशाळून म्हणाला. “आजपतुर कुनी सांगितलंच न्हाई.”

पंधरा दिवसांनी त्या अहवाल घेऊन आल्या. बापूंनी चहा मागवला आणि पेन पुढे केलं. मॅडमनी पेन घेतलं नाही.

“मला सही करता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. वरच्या तिन्ही मजल्यांवर खोल्याखोल्यांत विटांच्या भिंती आहेत, त्यामुळे तो भाग घट्ट आहे. तळाशी मात्र पुढे शटर आणि मागे मोकळी जागा. जमीन आडवी हलली की वरचा सगळा भाग एकसंध सरकणार, आणि ते सरकणं झेलायचं एकट्या तळमजल्याच्या कॉलमांनी. ते कॉलम नऊ इंच रुंदीचे. त्यांच्या उभ्या सळयांचे जोड सगळे एकाच उंचीवर, स्लॅबच्या लगेच वर, म्हणजे नेमके जिथं ताण सर्वांत जास्त तिथं. काँक्रीटची ताकद हवी त्यापेक्षा बरीच कमी. न्हाणीघराखालच्या कॉलमात गळतीमुळे सळई गंजलेली. आणि पाया घातला तेव्हा तिसरा मजला कुणाच्या मनातही नव्हता.

“2001 साली भुजला भूकंप झाला,” त्या म्हणाल्या. “तिथून दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत कितीतरी इमारती बसल्या. त्यांतल्या बऱ्याच अशाच होत्या, खाली मोकळ्या आणि वर भरलेल्या.”

बापू चिडले. “नव्या इमारतीचे नियम जुनीला लावले तर गावातलं एक घर पास व्हायचं नाही.”

“नव्याचे लावलेच नाहीत. जुन्या इमारतींसाठी वेगळं मानक आहे, 2013 सालचं. नव्या इमारतीला जेवढं भूकंपाचं बळ धरतात, त्यापेक्षा कमीच इथं धरायचं. तेवढंच धरून तपासलं. तळमजला त्यातही टिकत नाही.”

“मग शेजारची बघा! एका साच्यातली आहे, आणि ती पास झाली.”

“ती मी बघितलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण तुम्हीच म्हणताय, एका साच्यातली आहे.”

अण्णा त्या वेळी ओट्यावर उभे होते. त्यांनी हे ऐकलं, खाकरले आणि आपल्या दुकानात गेले.

मॅडमनी नकार देऊन हात झटकले नाहीत. काय केलं तर सही करता येईल, ते त्यांनी आकृत्या काढून दिलं. तळमजल्याच्या कॉलमांना पायापासून नवी सळई आणि नवं काँक्रीट घालून जॅकेट करायचं. मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना, गाळ्यांना अडचण होणार नाही अशा जागा निवडून, काँक्रीटच्या भिंती पायापासून वर न्यायच्या. गंजलेला कॉलम टेकू देऊन दुरुस्त करायचा, गळती आधी बंद करायची. गच्चीवरची विटांची पाण्याची टाकी काढून हलक्या टाक्या ठेवायच्या.

बापूंनी दोन रात्री हिशेब केला आणि मुदत ठेव मोडली. गाळे तीन महिने बंद राहिले, एक भाडेकरू सोडून गेला. कचेरीतला अर्ज लांबला, त्यामुळे बँकेनं मालतारण कर्जही अडवून धरलं. बाजारात लोक हसत, “न बघता मिळणारा कागद सोडून हा माणूस भिंतीत पैसे पुरतोय.” अण्णाही हसत. पण रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की ते बापूंच्या मागच्या अंगणात येऊन उभे राहत. कुठला कॉलम फोडला, आत काय निघालं, हे मिस्त्रीला विचारत. मिस्त्री सांगे आणि शेवटी पुस्ती जोडी, “तुमच्याकडं बी हेच हाय, अण्णा. मीच बांधलंय न्हवं.”

काम पुरं झालं. मॅडमनी पुन्हा येऊन तपासणी केली आणि सही दिली. दाखल्यात त्यांनी काय तपासलं, काय बदललं आणि गच्चीवर आणखी मजला चढवायचा नाही, हे सगळं लिहिलं होतं. बापूंची इमारत अण्णांच्यानंतर वर्षभरानं नियमित झाली.

6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानात भूकंप झाला. एकाच दिवसात 7.8 आणि 7.5 मॅग्निट्यूडचे दोन धक्के, तुर्कस्तानातच पन्नास हजारांहून अधिक बळी. अण्णांच्या दुकानातल्या टीव्हीवर एकावर एक बसलेले स्लॅब दिसत होते. बातमी देणारा सांगत होता की 2018 मध्ये तिथल्या सरकारनं पैसे भरून घेऊन लाखो बेकायदा बांधकामं माफ केली होती. मालकानं स्वतःच अर्जात माहिती भरायची आणि नोंदणीचा दाखला घ्यायचा. इमारत भूकंपात टिकेल की नाही, ही जबाबदारी कायद्यानं मालकावरच सोडली होती. अण्णांनी रिमोट उचलला आणि दुसरं चॅनेल लावलं. तिथंही तेच चाललं होतं.

काही महिन्यांनी, ऐन पावसात, रात्री दीडच्या सुमाराला भांडी वाजली. या वेळी जरा जोरात, आणि पंखाही हलला. गाव रस्त्यावर आलं, थोडा वेळ गप्पा झाल्या. कुठंच काही पडलं-झडलं नव्हतं, तशी माणसं आपापल्या घरात परतली.

अण्णा परतले नाहीत. महिना त्यांचा होता, आई त्यांच्याकडे होती. त्यांनी आईला हाताला धरलं, दोन्ही नातवंडांना उठवलं आणि बापूंचं दार वाजवलं.

“रातच्याला ह्यांना तुझ्याकडं झोपू दे,” ते म्हणाले.

बापूंनी दार पूर्ण उघडलं. पण ते धाकटे असले तरी व्यापारी होते. विचारल्याशिवाय राहवलं नाही. “अण्णा, दाखला तर तुमच्याकडं माझ्या आधी आलाय.”

“दोन फोटो पाठवले होते मी,” अण्णा म्हणाले. “ते मला ठाऊक हाय की.”

आई आत येत म्हणाली, “सदुसष्टला पाटं हाललं तवा म्या सोळा वर्साची. आमच्या घरालाबी समदे म्हनत हुते, लई मजबूत हाय. आजानं बांधल्यालं. म्हननाऱ्यानं एकदाबी आड्याखाली जाऊन बघितलं नव्हतं.” आणि तिनं पोरांचं अंथरूण घातलं.

दुसऱ्याच दिवशी अण्णा कऱ्हाडला गेले.

“मॅडम, माझी इमारत तपासा. दाखला नको. तो माझ्याकडं आहे.”

“मग काय पाहिजे?”

“मला नापास करा. बापूला काय करायला सांगितलंत ते मला पाठ आहे. तसंच लिहून द्या, उद्या कामाला लागतो.”

मॅडमनी मान हलवली. “न बघता मी नापासही करत नाही.”

त्या आल्या, आणि सगळी तपासणी पहिल्यापासून केली. बरं झालं. अण्णांच्या न्हाणीघराखालचा कॉलम कोरडा ठणठणीत निघाला, त्याला हात लावायची गरज नव्हती. मात्र पुढचा एक कॉलम, जो बापूंच्या इमारतीत चांगला होता, तो इथं आतून पोकळ निघाला. ओतताना काँक्रीट नीट बसलं नव्हतं, आत जाळी पडली होती आणि वरून गिलाव्यानं झाकली गेली होती. बापूंच्या आकृत्या उतरवून काम केलं असतं, तर धडक्या कॉलमवर पैसे गेले असते आणि पोकळ कॉलम तसाच उभा राहिला असता.

अण्णांनी काम करून घेतलं. कचेरीनं त्यांच्याकडे नवा कागद मागितला नव्हता, त्यामुळे त्यातून त्यांना सरकारी फायदा एक पैशाचा झाला नाही. गल्ल्यामागची चौकट मात्र त्यांनी उतरवली आणि तिथं मॅडमचा अहवाल ठेवला, पोकळ कॉलमच्या फोटोसकट. कुणी विचारलं की ते आधी तोच फोटो दाखवत. हळूहळू बाजारातले आणखी काही जण कऱ्हाडची वाट विचारू लागले. मिस्त्रीनंही आपल्या माणसांना रिंगा नव्या रीतीनं वळवायला शिकवलं. मालक कुरकुरला की वेळ जातो, तर तो म्हणे, “दुसरा मिस्त्री बघा.”

तात्पर्य: न बघता दिलेला दाखला कचेरीला चालतो, बँकेला चालतो, गावालाही खरा वाटतो, तो ज्यानं मिळवला, त्या एकट्याला मात्र त्याचा आधार वाटत नाही. म्हणून ज्या परीक्षेत नापास होता येतं, तीच द्यावी. आणि जो आपल्याला ‘नाही’ म्हणू शकतो, त्याच्याच ‘हो’वर घरच्यांना झोपवावं.